अनुभव वजा अपेक्षा

तुम्हाला सांगतो, विद्यार्थ्यांचा अभिप्राय म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! निदान गेल्या सोमवारपर्यंत मी असंच समजत होतो. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागून मला चार वर्षं झाली, पण चारही वर्षं हंगामी. यंदा एक जागा कायम होणार होती. प्राचार्यबाईंनी स्पष्टच सांगितलं, "ज्याचा अभिप्राय चांगला, त्याची जागा. बाकीच्यांचा करार संपला."

फॉर्मवर दोन रकाने होते. त्या माणसाच्या कामाबद्दल अपेक्षा काय होती आणि अनुभव काय आला. दोन्हींना एक ते पाच गुण द्यायचे. मी वर्गात साठ फॉर्म वाटले आणि म्हणालो, "पोरांनो, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. डोळे झाकून सगळीकडे पाच लिहा."

पोरं गुणी हो! वर्षभरात पहिल्यांदाच सगळ्यांनी माझं ऐकलं.

तीन दिवसांनी बाईंनी बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

"सर, तुम्हाला शून्य मिळालंय."

"शून्य? अहो, सगळ्यांनी पाच दिलेत."

"ते तुम्हाला कसं माहीत?"

बाईंनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरात छापलं होतं, 'अनुभवाच्या गुणांतून अपेक्षेचे गुण वजा करावेत.' पाचातून पाच गेले. हे मला, संख्याशास्त्राच्या माणसाला, दुसऱ्याने समजावून सांगावं लागलं.

"सगळ्यांत जास्त कोणाला?" मी कसंबसं विचारलं.

"ग्रंथपालांना. अधिक तीन."

हा गृहस्थ पुस्तक मागितलं की घराची कागदपत्रं मागितल्यासारखा बघतो. पण मुलांना तो हाकलून देईल याची खात्रीच होती, आणि त्याने चक्क पुस्तक दिलं. मुलं भारावून गेली.

"तुमच्या वर्गाचे फॉर्म मी पुन्हा भरून घेते," बाई उठत म्हणाल्या. "तुम्ही बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर बसून मी नोकरीच्या जाहिराती चाळत राहिलो. अर्ध्या तासाने बाई परत आल्या.

"अधिक दोन. शिकवणाऱ्यांत तुम्हीच पहिले. कायम झालात."

माझी कॉलर ताठ झाली. "म्हणजे अनुभवाला पाच दिले?"

"तीन."

"आणि अपेक्षा?"

"एक. तुमच्या तासाला उशी घेऊन जा, असं वरच्या वर्गातल्यांनी सांगितलं होतं म्हणे."

खोटं कशाला बोलू, तरीही मला मनापासून बरं वाटलं. साठ जण झोपायच्या तयारीने आले आणि चक्क जागे राहिले.

तिथूनच आईला फोन लावला. "आई, नोकरी कायम झाली."

"काय सांगतोस!" ती जवळजवळ ओरडलीच. "अरे, आम्ही तर आशाच सोडली होती."

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. उत्तर बरंच मोठं आलं.