प्रतीक्षेतील श्रोत्यांचे अभिप्राय

गिऱ्हाइकांचे कपडे साबणाच्या फेसात असताना नळ बंद पडणे, ही लॉन्ड्रीच्या धंद्यात गंभीर बाब समजली जाते. त्यातून फेसात अख्ख्या अग्निशमन दलाचे गणवेश आणि समोरच्या न्हाव्याचा लग्नाचा कोट असेल, तर बाब अधिकच गंभीर होते. लॉन्ड्रीवाल्याने नळ पिळला, हलवला, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नळ ढिम्म! शेवटी त्याने साबणाच्या हातानेच पाणीपुरवठा खात्याला फोन लावला.

"आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे," असं म्हणून फोन गाणी लावून मोकळा झाला.

गाणी एका अमेरिकन गायकाच्या रेगे या जमैकातल्या संगीताच्या अल्बममधली होती. ताटकळणाऱ्या नागरिकाचं डोकं थंड राहावं म्हणून खात्याने तो अल्बम रीतसर निविदा काढून घेतला होता. धुम्‌-चक, धुम्‌-चक. अल्बम संपला तेव्हा हातावरचा साबण वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"अल्बमबद्दल आपला अभिप्राय?" एका बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"आग लागो तुमच्या अल्बमला! माझ्याकडे पाणी नाहीये, बाई!"

"म्हणजे नापसंत. नापसंतीसाठी अल्बम दोनदा ऐकलेला असावा लागतो, साहेब." धुम्‌-चक.

दुसऱ्या फेरीनंतर लॉन्ड्रीवाला शहाणा झाला. "वा! झकास! तोड नाही! आता पाणी सोडा."

"ग्राहक समाधानी," बाईंनी आनंदाने नोंद केली. "समाधानी ग्राहकाची तक्रार बंद होते. धन्यवाद."

लॉन्ड्रीवाल्याने कपाळाला हात लावला. पण हार मानेल तो धोबी कसला! पुन्हा फोन लावून तिसऱ्या वेळी त्याने कान देऊन ऐकलं आणि सविस्तर अभिप्राय दिला. "चौथ्या गाण्यात ताल जरा मागे रेंगाळतो, बाई." हे ऐकून फोन थेट मोठ्या साहेबांकडे गेला.

"मुद्दाम रेंगाळतो तो," साहेब म्हणाले. "जमैकात असंच वाजवतात."

"पण गाणारा तर अमेरिकन! मग हे अस्सल कसं म्हणायचं?"

"हा मुद्दा आजवर कोणी मांडला नव्हता," साहेब हळूच म्हणाले. "लेखी द्या."

आजवर लोकांनी लॉन्ड्रीवाल्याला "डाग गेला नाही" यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. लेखी द्या म्हणणारा हा पहिलाच भेटला. त्याची छाती अशी काही फुगली की शर्टाची गुंडी तुटली.

नळ साऱ्या गल्लीचेच कोरडे होते. माणसं बादल्या उपड्या घालून त्यांवर बसली होती आणि प्रत्येकाच्या कानाला फोन होता. लॉन्ड्रीवाल्याचा मुद्दा पसरला आणि बघता बघता दोन तट पडले. "गळा बघा, पासपोर्ट कशाला बघता?" न्हावी ओरडला. त्याच्या अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाने अनुमोदन दिलं. अग्निशमन दलाचे जवान पायजम्यांवर आले ते थेट लॉन्ड्रीवाल्याच्या अस्सलवाद्यांना मिळाले.

"अहो, कपडे कुजायला लागले फेसात!" बायको कळवळून म्हणाली. "पाण्याचं विचारा ना!"

"विचारतो गं. आधी तत्त्वाचं मिटू दे."

एवढी मतं आल्यावर खात्याला दखल घेणं भाग पडलं. गल्लीत टँकर आला. लोकांनी टाळ्या पिटल्या. टँकरवर चार भोंगे बांधले होते. साहेबांनी सामूहिक श्रवणाचं उद्घाटन केलं आणि अख्खी गल्ली, दोन्ही तट, पायजमे, अर्धी दाढी, सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून नाचू लागले. काय ती मजा! तहानसुद्धा विसरली.

आणि नाचता नाचता पाणी आलं. कोणाच्या तरी हातून चूक झाली असणार. घराघरांतले उघडे नळ धो धो सुटले. बादल्या रस्त्यावर, माणसं रस्त्यावर. पाणी निघालं गटाराकडे. एकटी लॉन्ड्रीवाल्याची बायको घरात होती. "आलं गं बाई!" म्हणत तिने पहिला गणवेश धारेखाली धरला.

बाहेर चौथं गाणं लागलं होतं. लॉन्ड्रीवाल्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने फोन लावला. या वेळी गाणी लागलीच नाहीत.

"बोला, साहेब."

"नळांच्या आवाजात ताल ऐकू येत नाहीये!"

"क्षमस्व. लगेच बंद करतो."

आणि खरंच लगेच बंद केलं. 

बायको दारात आली. हातात अर्धवट खळबळलेला गणवेश, त्यातून फेस ठिबकतोय, डोळ्यांत पाणी. "अहो, आत्ता तर आलं होतं. कोणी बंद केलं हो?"

लॉन्ड्रीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने फोन खिशात सारला.

"हा खात्याचा कारभारच असला!" तो म्हणाला.

हसताय ना? हसा खुशाल. पण खरं सांगा, त्या माउलीचे किती कपडे धुऊन निघाले हे तुमच्या मनात तरी आलं का? की तो अल्बम एकदा ऐकायला हवा, असंच वाटून गेलं? ऐकाच. अभिप्राय मात्र सविस्तर द्या. पाण्याचं काय, बघू पुढे.