अंगठीची वाफ

सूर्यप्रकाशापासून वीज काढणारा सांगली जिल्ह्यातला पहिला माणूस मी, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पुरावा तेवढा मागू नका. पुरावा माझ्या सासऱ्यांनी तेजाबात विरघळवला!

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. मी मूळचा कुंडलचा, आणि सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. घरी ऊस. उन्हाचं काय करायचं ते उसाला कळतं, त्यासाठी एम.एस्सी. कशाला व्हावं लागतं, असं वडलांचं मत. मला मात्र पुण्याच्या डॉ. मराठ्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाला जायचं होतं. सहा वर्षं मी त्यांना पत्रं लिहीत होतो. सातव्या वर्षी धड उत्तर आलं: 'शनिवारी कोल्हापूरला जाताना दोन तास सांगलीत थांबतो. तुमच्या सोलर सेलनं मीटरची सुई हलते का ते दाखवा. हलली तर या.'

सुई हलत होती हो! सेल तसा साधाच. तांब्याची चकती भाजून तिच्यावर लाल थर आणायचा आणि त्यावर सोन्याचा इतका पातळ थर द्यायचा की ऊन त्यातून आरपार जावं. हा थर कुंचल्यानं देता येत नाही. काचेच्या मोठ्या हंडीतली हवा पंपानं उपसायची आणि आत सोन्याचा तुकडा तापवायचा. त्याची वाफ होते आणि ती चकतीवर जाऊन बसते. पंप कॉलेजचा होता. दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा, पण चालायचा. अडचण सोन्याची होती. ऑफिसात अर्ज केला तर हेडक्लार्क म्हणाले, खडू मागा, फडकी मागा, सोनं आमच्या यादीत नाही.

मी माझ्या बोटाकडं पाहिलं. बोटात अर्ध्या तोळ्याची चोख सोन्याची अंगठी होती. लग्नात सासऱ्यांनी घातलेली, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं गाळलेल्या सोन्याची.

सासरे म्हणजे विट्याचे आकाराममामा. विट्याचे लोक सोनं गाळायला देशभर पसरलेत. मामांचं दुकान कोइमतूरला. सोनाराच्या दुकानातला केर द्या, जुनी सतरंजी द्या, कारागिराचा फाटका सदरा द्या, मामा तो जाळणार, राख धुणार आणि त्यातून सोनं काढून तुमच्या हातावर ठेवणार. सोनं हरवतं ही गोष्टच त्यांना मान्य नाही. ते कुठंतरी चिकटलेलं असतं आणि शोधणाऱ्याला आळस असतो, एवढंच.

अशा माणसाची अंगठी मी वर्षभर कातरून कातरून उडवली. वाफेला चकती कुठली आणि हंडी कुठली हे कळत नाही. चकत्यांवर कणभर बसलं आणि बाकीची अंगठी हंडीला आतून. पण सहा सेल तयार झाले, आणि गुरुवारी दुपारी उन्हात धरल्यावर मीटरची सुई दोन घरं सरकली. मी पंपाला नमस्कार केला.

शुक्रवारी मामा कोइमतूरहून थेट आमच्या दारात उतरले. मी घाईघाईनं बोटाला चिंधी गुंडाळली.

"काय झालं वं बोटाला?"

"कापलं जरा."

"आन् अंगठी?"

"सूज होती, म्हणून काढून ठेवलीय."

मामा चिंधी न्याहाळत आत आले. पण माझी बायको विजयमाला हिला खोटं बोलणं जमत नाही. मी पाणी तापवायला गेलो तेवढ्यात तिनं बापाला सांगून टाकलं, "दादा, अंगठी ह्यांनी कॉलेजात तापवली. समदी काचंला चिकटलीया. तवापासनं निसतं तोंड सुकवून हिंडत्यात." तोंड सुकलं होतं ते मराठे येणार म्हणून. पण हे मामांना कोण सांगणार?

शनिवारी सकाळी मामा म्हणाले, "तुमची लॅब तरी दावा." मला बरं वाटलं. सहाही सेल टेबलावर मांडलेले होते, शेजारी वर्षभराच्या मोजमापांची वही. मामांनी हंडीला आतून बोट लावलं, बोट उजेडात धरलं आणि माझ्याकडं अशा मायेनं पाहिलं की मला वाटलं, त्यांना विज्ञान कळलं. मी त्यांना स्टुलावर बसवलं, म्हातारा शिपाई कोंडीबा याला चहा सांगितला आणि मराठ्यांना आणायला एसटी स्टँडवर गेलो.

गाडी पेठनाक्यावर बंद पडली. मराठे आले ते तीन तास उशिरा, आणि आले ते वैतागूनच. दोन तासांऐवजी माझ्या वाट्याला आता अर्धा तास उरला होता. रिक्षात मी त्यांना चौदा वेळा सांगितलं की सुई दोन घरं हलते.

कॉलेजच्या फाटकातून पाहिलं, तर लॅबच्या खिडकीतून धूर!

आत मामा धोतर खोचून शेगडीसमोर बसले होते. कोंडीबा पुठ्ठ्यानं वारा घालत होता. हंडी इतकी स्वच्छ होती की आधी दिसलीच नाही. टेबलावर सहा तांब्याच्या चकत्या लख्ख घासून, पालथ्या घालून वाळत ठेवल्या होत्या.

"कोंडीबा, हे काय आहे?"

"पावणं म्हनलं, सरांचं काम हाय. केमिस्ट्रीतनं तेजाब आन् सोनं खाली बसवायचं हिराकस आनून दिलं. म्या कसा न्हाई म्हनू?"

"मामा, माझे सेल?"

"ते तेजाबात धुतलं. मागं काय ठिवलं न्हाई."

"आणि माझा ॲप्रन? तो खुंटीवर होता."

"जाळला. फडकीबी जाळली. टेबलाखालची धूळ घेतली."

"मामा, इथं एक वही होती."

"तीबी जाळली. सोन्याच्या हातानं पानं उलटलीत तुमी. वही लय चांगली निघाली."

माझ्या लिखाणात एवढं सोनं आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं!

मग मामांनी शेगडीतली सोनं वितळवायची मूस उलटी केली, हरभऱ्याएवढा पिवळा मणी चिमट्यानं उचलला आणि खिशातल्या काट्यात घातला. "अर्ध्या तोळ्याला दोन गुंजा कमी भरतंय. दोन गुंजा कुठं सांडलं ते आठवा, तेवढं बी काढू." मणी माझ्या हातावर ठेवून ते हळूच म्हणाले, "जावईबापू, वस्तू बिघडली तर सांगायचं. आमी काय परकं हाय? चूक मान्साकडनंच हुती."

त्यांच्या बोटांची टोकं तेजाबानं पिवळी पडली होती. मला रडू आलं आणि रागही आला, आणि मराठ्यांसमोर आधी काय करावं हे कळेना.

मराठ्यांनी घड्याळ पाहिलं. "सेल कुठाय?"

मी तळहात पुढं केला. "हा."

मराठे मण्याकडं बघत राहिले, मग हंडीकडं. मग त्यांनी मला बाजूला सारलं आणि स्टूल ओढून मामांसमोर बसले.

"हे सगळं तुम्ही हंडीवरनं काढलं?"

"हंडी, चकत्या, फडकी, वही. मुख्य हंडीच."

"आमच्याकडं पुण्याला दहा वर्षं असंच सोनं चिकटतंय. आम्ही ते घासून टाकतो."

"टाकता?" मामा पुढं सरकले. "कुठं टाकता?"

"कुठं म्हणजे, मोरीत."

मामांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मी त्यांना एवढं दुःखी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मोरी हाय का अजून जाग्यावर?"

"आहे."

"तिला कुनाला हात लावू देऊ नका."

मराठ्यांचा उरलेला अर्धा तास मोरीचा उतार, तिची खोली आणि तिच्यातला गाळ यांवर बोलण्यात गेला. जाताना त्यांनी मामांचं नाव लिहून घेतलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचं नंतर बघू." सहा वर्षांत मी हे वाक्य पत्रातून बऱ्याचदा वाचलं होतं, तोंडी पहिल्यांदाच ऐकलं.

तीन आठवड्यांनी पुण्याचं पाकीट आलं. मी ते पोस्टमनच्या हातातून हिसकावलंच. वर नाव आकाराममामांचं, फक्त पत्ता माझा. मामा अजून आमच्याकडंच होते, त्या दोन गुंजांसाठी लॅबची फरशी उकरू द्या म्हणून प्रिन्सिपॉलांकडं खेटे घालत. मी पत्र वाचून दाखवलं: 'प्रयोगशाळेत एक महिना यावे. हाताखाली एखादा माणूस आणल्यास त्याचीही सोय होईल.'

मामांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"चला मग," ते म्हणाले. "पर तितं गेल्यावर आपल्या मनानं काय तापवायचं न्हाई."

तर सांगायचं म्हणजे, पुण्याच्या त्या नामांकित प्रयोगशाळेत मी अखेर संशोधनाला दाखल झालो. पहिला महिना मोरीत होतो.