अंगठा कोणता, आकाश कसं

आमचे शेवाळे नाना एआयला उभे राहून झापतात. बसून झापलेलं त्याला लागत नाही, असं त्यांचं मत आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातला डबा धरून तसाच थिजलो. साठीला टेकलेला माणूस समोरच्या स्क्रीनला दटावून विचारत होता, "तू होतास का तिथं?"

आम्ही द्राक्षबागायतदारांसाठी ॲप बनवतो. कोणत्या बागेत कधी कोणतं औषध फवारलं याची नोंद त्यात राहते. नोंद नसेल तर निर्यातीला माल घेत नाहीत. ॲपमध्ये काही बिघडलं की त्याचा अहवाल लिहायचं काम नानांकडे. कारखान्यातली नोकरी संपवून ते इथं आले. मी कळवणकडचा, घरातला पहिला पदवीधर. सुरुवातीला मीटिंगमध्ये माझी बोबडी वळायची. नाना मला बाहेर नेऊन चहा पाजायचे आणि म्हणायचे, "काय झालं ते सांग. कसं वाटलं ते नंतर." कॉलेजात चार वर्षांत हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांचे स्वतःचे अहवाल मात्र असे: 'सकाळचे दहा चाळीस. आकाश निरभ्र. मी उजव्या अंगठ्याने बटण दाबले.' आमच्या प्रमुख वैशाली मॅडम कपाळाला हात लावत.

"नाना, यात दोष कुठंय?"

"चौथ्या पानावर."

मिसळ खायला गेलो आणि कोणी फार तिखट आहे म्हणालं, तर नाना विचारणार, "कितव्या घासाला?"

शेवटी मॅडमनी एआय एजंट आणला. आपण घडलेलं सांगायचं; काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, असा नेटका अहवाल तो लिहून देतो. नाना रुसतील असं वाटलं होतं. ते तर त्याच्यावर खूष. "हा निदान प्रश्न विचारतो. तुम्ही 'चालत नाय' म्हणता आणि मोकळे होता."

एकदा नाना रजेवर असताना दिंडोरीकडच्या एका बागेबद्दल फोन आला. तिथं नोंदी भरणाऱ्या मंदाताई म्हणाल्या, "भाऊ, मी सगळं भरलं होतं. आता काहीच दिसत नाय." मी एजंटला दोन ओळींत सांगितलं. मिनिटभरात अहवाल तयार: 'वापरकर्त्याने नोंद भरली, परंतु जतन न करता ॲप बंद केले.' इतकं स्वच्छ लिहिलेलं पाहून मी तसंच पुढे पाठवलं. वापरणाऱ्याची चूक, असा शेरा मारून तक्रार बंद झाली. तसं बागेच्या मालकालाही कळवलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी ते वाचलं. "जतन न करता, हे बाई म्हणाल्या?"

"नाही."

नाना उभे राहिले. "तू होतास का तिथं?"

एजंटने उत्तर दिलं, 'नाही. ही पायरी मी अंदाजाने लिहिली. क्षमस्व.'

 खरं आणि अंदाज, दोन्ही त्याने एकाच शांत भाषेत लिहिलं होतं. आणि मी ते वाचून मान डोलावली होती.

"बाईंचा सकाळी फोन होता," नाना म्हणाले. "मालक म्हणालाय, शनिवारपासून येऊ नका. कंपनीनंच चूक लिहून दिलीय म्हणे. चल."

त्यांच्या स्कूटरवरून आम्ही बाग गाठली.

"ताई, कुठं उभ्या होतात?"

"इथंच, ट्रॅक्टरपाशी."

"अंगठा कोणता?"

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे नेहमी असंच इचारतात का?" मग म्हणाल्या, "डावा. उजव्या हातात मोजा होता."

त्यांनी तिथंच पुन्हा नोंद भरून बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत आलं, 'जतन झाले.' आम्ही चालत डांबरी रस्त्यावर आलो, रेंज आली तसं ॲप उघडलं. नोंद नव्हती. बागेत रेंजच नव्हती, तरी ॲप 'जतन झाले' सांगत होतं. ती हिरवी ओळ मीच लिहिलेल्या कोडमधली होती.

रस्त्याकडेलाच बसवून नानांनी मला पाहिलेलं तेवढंच फोनवरून एजंटला सांगायला लावलं. त्याने विचारलं, 'त्या वेळी रेंज होती का?' नाना खूष होऊन त्याला म्हणाले, "हे काल विचारायचं होतंस, राजा." अहवाल अर्ध्या पानाचा झाला. मॅडमनी स्वतः मालकाला फोन केला. मंदाताई कामावर राहिल्या.

पुढच्या आठवड्यात नानांनी मला हाक मारली. "हे वाच. कळतंय का बघ."

स्क्रीनवर एजंटने लिहिलेला एक अहवाल होता. एका कारखान्यातली प्रेस मशीन. 'मशीनचा संरक्षक गार्ड आदल्या दिवसापासून सैल होता. सुपरवायझरला हे माहीत होते. कामगाराची तीन बोटे तुटली. सुपरवायझरने लिहिले: कामगाराचा निष्काळजीपणा.'

"नाना, सुपरवायझर कोण?"

"मी." ते स्क्रीनकडेच पाहत होते. "सुरगाण्याचा लक्ष्मण. दोन शब्दांत संपवला मी त्याला. त्याच आठवड्यात गावी गेला. मी दोनदा जाऊन आलो तिकडं. कुणी म्हणतं गुजरातेत आहे."



अहवालाखाली एजंटने विचारलं होतं, 'हा अहवाल कोणाकडे पाठवायचा?' खालची चौकट रिकामी होती.

"कळतंय," मी म्हणालो. "सगळं कळतंय, नाना."

त्यांनी मान हलवली आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'शोधतोय.'