भिवाजीकाकांची चालती शिकवणी

मॉरिशसमध्ये माझे पाय टिकले ते फिनिक्सच्या भिवाजीकाकांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्या गमती सांगणार आहे आणि कुणाचा गैरसमज व्हायला नको.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. ऊन असो, धुकं असो, अंगात काळा कोट. या बेटावर सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये, आणि भांडण, बाजार, प्रेम सगळं क्रियोलमध्ये. इंग्रजी बोलतं कोण? एकटे भिवाजीकाका. बसमध्ये चढले की दारातच उभे राहून कंडक्टरला म्हणायचे, "वुड यू बी सो काइंड अ‍ॅज टु इन्फॉर्म मी व्हेन वुई रीच क्युरपिप?"

कंडक्टर म्हणायचा, "तोंतों, की ऊ पे दीर?" म्हणजे, काका, काय म्हणताय?

काका तेच वाक्य आणखी लांबवून पुन्हा म्हणत. मागे लोक खोळंबलेले. आणि क्युरपिप तर त्यांना डोळे मिटूनही ओळखता आलं असतं.

मी कुडाळकडचा. आठवीत शाळा सुटली. मुंबईत स्वेटर विणायच्या यंत्रांच्या दुरुस्तीवर हात बसला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका ठेकेदाराने मला इथल्या कारखान्यात आणून सोडलं. मराठी पोरगा म्हणून काकांनी आपल्या घराची मागची खोली दिली. मी जरा स्थिरावतोय तोच कारखान्यात हाँगकाँगचे नवे मॅनेजर आले. बाहेरून आणलेल्यांपैकी ज्याला इंग्रजीत बोलता येईल तो फोरमन, बाकीचे करार संपला की घरी, असं त्यांनी जाहीर केलं. माझी धाकटी बहीण तेव्हा रत्नागिरीला डी.एड. करत होती, ती माझ्या जिवावर. मी परतलो असतो तर तिलाही शिक्षण सोडून घरी यावं लागलं असतं. मला घास गिळवेना.

काकांना मात्र सण लागल्यासारखं झालं.

"आलोर, बाला! ऊठ. चल."

"कुठं, काका?"

"इंग्लिश शिकाया. बसून शिकलेलं उठताना सांडतं."

काकांची मराठी म्हणजे त्यांच्या पणजोबांनी जहाजातून आणली तशीच ठेवलेली, वर 'आलोर', म्हणजे 'तर मग', असल्या क्रियोलची फोडणी. मला ती ऐकताना माझी पणजीच काळा कोट घालून बोलतेय असं वाटे. पण शिकवणी सुरू झाली की मराठी बंद. आम्ही उसाच्या कडेकडेने तरातरा चालत असू. ते पुढे, मी मागे. दिसेल त्यावर वाक्य करायचं. बैलगाडी दिसली की तिचा वर्तमानकाळ, ती वळून दिसेनाशी झाली की भूतकाळ. गाडीवानाने हात हलवला तरी मला उलट हात करायची सवड नसे. जर-तरची वाक्यं चढावर. तिथे माझा दम लागे, आणि 'जर' म्हटल्यावर 'तर'पर्यंत पोचताना मी खरंच मरायला टेकलेला असे.

"फुल सेंटेन्स, बाला! फुल सेंटेन्स!" काका वरून ओरडायचे.

घरी आल्यावरही सुटका नव्हती. चहा हवा तर पूर्ण वाक्य. मीठ हवं तर पूर्ण वाक्य. कितीदा मी अळणीच जेवलो.

सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगायचा धडा. त्यासाठी काकांनी शेजारची मादाम रोझलीन निवडली. काकांच्या पपईची पानं तिच्या अंगणात पडत आणि ती रोज सकाळी भिंतीवरून क्रियोलमध्ये काकांचा उद्धार करी. मी ते ऐकायचं आणि काकांना इंग्रजीत सांगायचं. काका दोन हातांच्या अंतरावर उभे, सगळं त्यांच्या कानांवर पडतंय, तरी माझ्याकडे वळून विचारत, "व्हॉट डिड शी से?"

"शी सेड दॅट... यू वेअर... अ‍ॅन ओल्ड गोट."

"व्हेरी गुड!"

रोझलीनला आधी वाटलं मी चहाडखोर आहे. मग प्रकार समजल्यावर तिला अशी गोडी लागली, की पानं पडली नसली तरी ती भिंतीशी यायची आणि माझ्यासाठी सावकाश, एकेक शब्द सोडत शिव्या द्यायची. पोरगं चुकलं तर पुन्हा देते म्हणायची.

मुलाखतीचा दिवस आला. सकाळी मी खोलीत येरझारा घालत होतो, काका बाहेर घालत होते. मॅनेजरसाहेबांचं इंग्रजी माझ्याइतकंच खुरडत चालणारं निघालं. त्यांनी विचारलं, "मशीन स्टॉप. व्हाय?" माझ्या तोंडून चढावरचं वाक्य बाहेर पडलं: "सर, इफ द मशीन हॅड बीन ऑइल्ड रेग्युलरली, इट वुड नॉट हॅव स्टॉप्ड." साहेब हसले आणि शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाले, हाच.

मी धावत घरी आलो. काकांनी ऐकलं, माझा हात धरून जोरजोरात हलवला. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. फोरमनला कंपनीच्या सें पिएरच्या खोल्यांतच राहावं लागतं. सोमवारी निघायचं.

"येस, येस," काका म्हणाले आणि लगबगीने माझी पेटी पुसायला फडकं शोधू लागले.

पेटी बाहेर काढली तेव्हा रोझलीन भिंतीशी होती. "गेलास ना तूही?" ती म्हणाली. "या खोलीतले आधीचे दोघेही असेच फोरमन होऊन गेले. त्यांनाही म्हाताऱ्यानेच बोलतं केलं."

म्हणजे सें पिएरचं काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी नापास झालो असतो तर निदान करार संपेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलो असतो. त्यांचा मुलगा वाकोआला असतो. रविवारी येतो. काका त्याच्याशी मराठीत बोलतात, तो "वी, पापा", हो बाबा, एवढंच म्हणतो. नातवंडं हसतात. घरात त्यांच्या बोलण्याला उलट बोलणारा तेवढा मी होतो.

थांब्यावर बस येईपर्यंत काका एक शब्दही इंग्रजीत बोलले नाहीत.

"जेवत ऱ्हा, बाला," म्हणाले. "आणि बहिनीला लिही, शिक म्हणावं."

बहीण आता मास्तरीण झाली आहे. मी महिन्यातल्या एका रविवारी फिनिक्सला जातो, पण ते काही खरं नव्हे. एक ना एक दिवस मी काकांना कुडाळला नेणार आहे. तिथे बाजाराच्या दिवशी त्यांना मधोमध उभं करीन. कुणालाही हाक मारू देत, कितीही वेळ बोलू देत. तिथे सगळे त्यांना मराठीतच उलट बोलतील, भांडतीलसुद्धा. तेवढं मी त्यांना देणं लागतो, आणि देणार आहे.