कोपीतलं रॅडिकल

रॅडिकल म्हणजे काय, ते मला विचारा! एकटा पडलेला इलेक्ट्रॉन घेऊन हिंडणारा पिसाळलेला रेणू. तो दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढतो, मग तो दुसरा पिसाळतो आणि तिसऱ्याला धरतो! ही मारामारी लावून देणारा माझा उत्प्रेरक लाल रंगाचा, आणि तो चालतो फक्त उन्हावर. माझ्या पीएचडीचं नावच होतं 'सूर्यप्रकाशावरील रॅडिकल अभिक्रिया'.

"शिवप्रसाद, आता प्रयोग समोर बघणार," गाईड रणधीर सर फोनवर म्हणाले. "नाही जमला तर मुदतवाढीवर सही नाही!"

"या की सर येळवशीला! आमच्या मुरुम गावात ऊन मोप हाय!"

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं गाव ओस पडतं. सगळे रानात! कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करून तिच्यात पाच पांडव पुजायचे, आणि वाटसरूलाही आंबील पाजल्याशिवाय सोडायचं नाही. सकाळीच मी बांधावर चंबू मांडला. आत लाल पाणी, हवा शिरू नये म्हणून तोंडावर नायट्रोजनचा फुगा. आणि लगेच सरांना आणायला फाट्यावर गेलो. येताना प्रत्येक रानातून हाक! आंबील पीत पीत पोचेपर्यंत दुपार कलली.

बांधावर चंबू नव्हता!

"काकू! माझा चंबू कुठंय?"

लक्ष्मम्मा काकू निवांत पालेभाज्या-शेंगांची भज्जी वाढत होत्या. "कोपीत ठिवलाय की, तू गेलास तवाच. पीएचडीचं काम हाय न्हवं? पांडवांपशी असलेलं बरं."

आत डोकावलो. पांडवांशेजारी काळ्या घोंगडीत गच्च गुंडाळलेलं गाठोडं!

"अवो, घोंगडी कशाला?"

"येणारा-जाणारा फुग्याकडं टकामका बघत हुता. नजर लागली म्हंजे?"

नजर सोडा, उन्हाचा किरणसुद्धा लागला नव्हता!

"तपासा तरी," सर म्हणाले.

तपासणीच्या पट्टीवर थेंब टाकला, पट्टी द्रावकात उभी केली आणि अतिनील टॉर्च मारली. नवा ठिपका! पदार्थ तयार! कच्चा माल सगळा संपलेला!

"झालं सर, झालं!" मी नाचायचाच बाकी होतो.

सरांनी आंबिलीचा तांब्या खाली ठेवला. "अंधारात?"

"ठार अंधारात, सर!"

"म्हणजे उन्हाची गरज नाही?"

"अजिबात नाही, सर!" म्हणालो, आणि मग जीभ चावली.

"अंधारात ठेवून कधी पाहिलंच नव्हतं?"

"...न्हाय सर."

सरांनी मुदतवाढीवर सही केली, शीर्षकातला 'सूर्यप्रकाश' खोडला आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून."

तेव्हापासून काकू मुरुमभर सांगत सुटल्यात, "पोरगं वरसानुवरसं उन्हात मरत हुतं, म्या सावलीत ठिवलं अन् येका दिसात झालं!"

आणि वैताग असा, की शास्त्राच्या हिशेबानं त्यात एक अक्षरही खोटं नाही!