पावेलच्या मागची जागा

पावेल लिफ्टमध्ये कधीच भिंतीला टेकून उभा राहत नसे. पाठीमागे एका माणसापुरती जागा सोडायची आणि मगच बटण दाबायचं, हा त्याचा नियम. दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चार माणसांची. त्यात सहा फूट चार इंच पावेल, त्याच्या मागे कुणीच नाही, आणि पुढे दाराला चिकटून भाजीच्या पिशव्या सांभाळत मी आणि माझी बायको सुनंदा. असे आम्ही चौथ्या मजल्यावर पोचायचो.

पावेल स्लोव्हाकियाचा. बर्फावरच्या हॉकीतला गोलकीपर, आणि तोही हौशी नव्हे. तिकडच्या मोठ्या क्लबांत पंधरा वर्षं पगार घेऊन त्याने गोल अडवले होते. गुडघे गेल्यावर नव्वदच्या दशकात तो दुबईला कोच म्हणून आला. ज्या रिंकवर तो शिकवायचा, तिथला बर्फ राखणं ही माझी नोकरी. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत स्वेटर घालून कॉम्प्रेसरशी भांडणारा मी. बदलापूरच्या माणसाने वाळवंटात बर्फ सांभाळावा आणि त्यावर स्लोव्हाकियाच्या माणसाने उभं राहावं, यात तेव्हा कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

त्याचं नाव ऐकल्यावर सुनंदाने विचारलं होतं, "पावेल? कुणाला पावेल?" ती त्याला शेजारचं जागृत दैवत म्हणायची. दैवताला थालीपीठ फार आवडे. त्याचं मराठी 'हो' आणि 'पुरे' या दोन शब्दांत संपायचं. 'जेवलास का' एवढा एक प्रश्न मात्र त्याला नीट कळायचा. बाकी सगळं तो मोडक्या इंग्रजीत आणि 'यल्ला', 'खलास' अशा दोनचार अरबी शब्दांवर भागवायचा.

आम्ही कधीकधी जवळच्या करामा भागातल्या एका थाळीवाल्याकडे जायचो. पावेल आपल्या मागे एक खुर्ची ओढून घ्यायचा आणि तिच्यावर कुणाला बसू द्यायचा नाही. दोनेक महिन्यांनी तिथला वेटर त्या रिकाम्या खुर्चीशेजारच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायला लागला. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "रखना अच्छा है, साब."

एकदा माझ्या गाडीत तो पुढे बसला. आमची केतकी, तेव्हा नऊ वर्षांची, मागचं दार उघडून त्याच्या मागच्या सीटवर चढायला लागली. पावेलने तिला हळूच अडवलं. "नॉट देअर, हबीबी. ही इज स्लीपिंग."

"बट देअर इज नोबडी, अंकल," केतकी म्हणाली. तरीही ती वळसा घालून माझ्या मागे बसली, आणि घरी पोचेपर्यंत शेजारच्या सीटला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून राहिली. मुलं आरडाओरडा करतात तेव्हा काळजी नसते.

मी इंजिनियर माणूस. यंत्र बंद पडलं की कारण असतंच, यावर माझं पोट चालायचं. पण एका दुपारी ब्लोअर दुरुस्तीला काढले होते. हवा ठप्प होती, आणि दारं उघडझाप झाल्यामुळे बर्फावर कमरेएवढं धुकं साचलं होतं. पावेल एकटाच गोलपुढे वाकून उभा होता. त्याच्या मागची जाळी हळूच बाहेर फुगली, कुणी आतून पाठ टेकावी तशी. काही क्षण तशीच राहिली. मग सैल झाली. ब्लोअरचे स्क्रू माझ्या हातात होते. मी प्लांटरूममध्ये जाऊन सगळे गेज दोनदा वाचले. सगळे बरोबर होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दर शुक्रवारी पावेल खालच्या बूथमधून आईला फोन करायचा. आधी पडलेल्या आवाजात, मग हातवारे करत. तो तिला आठवड्याच्या मॅचचं वर्णन सांगतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्याच्याबद्दल जे काही चांगलं बोललं जाई, ते या फोनमुळे.

मग एका उन्हाळ्यात त्याला गावाकडून पत्र आलं. त्यानंतर दोन शुक्रवार तो बूथकडे फिरकला नाही. तिसऱ्या शुक्रवारी सकाळी रिंकवर मैत्रीची मॅच होती. इथे नोकरीला असलेले कॅनडावाले एका बाजूला, आणि पावेलने शिकवलेले स्थानिक तरुण दुसऱ्या बाजूला. या तरुणांचा गोलकीपर आजारी पडला म्हणून पंचेचाळिशीचा पावेल स्वतः उभा राहिला. सरावात मी त्याला डोळे मिटूनसुद्धा पक, म्हणजे ती रबराची चकती, अडवताना पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्या वीस मिनिटांत सहा गोल झाले. सातवा त्याच्या दोन पायांमधून गेला तेव्हा प्रेक्षक हसले. पावेल दर गोलनंतर मागे वळून जाळीत बघत होता. चकतीकडे नाही, तिच्या वर, माणसाचा चेहरा असतो तिथे.

मध्यंतरात तो प्लांटरूममध्ये आला आणि पॅड्ससकट जमिनीवर बसला. मी त्याला चहा दिला. मग त्याने त्याच्या मोडक्या इंग्रजीत मला जे सांगितलं ते मराठीत असं.

पहिली सहा वर्षं तो राखीव गोलकीपर होता. म्हणजे बाकावर बसून राहायचं. मुख्य गोलकीपर ओंद्रेय नावाचा. ओंद्रेयनेच त्याला घडवलं. सरावात तो जाळीच्या मागे उभा राहून काठीने पावेलच्या पोटऱ्यांवर टिचक्या मारायचा. डावीवर टिचकी की डावीकडे, उजवीवर की उजवीकडे. पावेलचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्याची जागा आपल्याला मिळावी असंही रोज वाटायचं. एका हिवाळ्यात दोघे मॅचहून परतत होते. गाडी पावेल चालवत होता आणि ओंद्रेय त्याच्या मागच्या सीटवर झोपला होता. निसरड्या रस्त्यावर गाडी फिरली. पावेलला खरचटलंसुद्धा नाही. ओंद्रेय झोपेतच गेला.

आठ दिवसांनी पावेल मुख्य गोलकीपर म्हणून उभा राहिला. पहिला फटका यायच्या आधी त्याच्या डाव्या पोटरीवर टिचकी बसली.

"नऊ वर्षं मी त्या टिचक्यांवर खेळलो," तो म्हणाला. "पेपरात माझे फोटो आले. मी काही अडवलं नाही. तो सांगायचा, मी सरकायचो."

शुक्रवारचा फोनही त्याच्या आईला नव्हता, ओंद्रेयच्या आईला होता. पावेल तिला दर आठवड्याला सांगायचा, आज आम्ही दोघं कसे खेळलो. तिने कधी त्याला चूक म्हटलं नाही की वेडा म्हटलं नाही. फक्त विचारायची, दोघं जेवलात का. ती गेली, असं पत्र आलं होतं. त्या दिवसापासून टिचक्या बंद झाल्या.

"आईकडे गेला असेल," पावेल म्हणाला. "बरोबरच आहे. पण मला एकटं उभं राहता येत नाही."

कॉम्प्रेसर घरघरत होता. चहा संपवून तो परत गेला, आणखी चार गोल खाल्ले आणि सगळ्यांशी हात मिळवून बाहेर आला.

दुपारी मी त्याला आमच्याकडे जेवायला आणलं. सुनंदाने वाढलं, पण तो नीट जेवला नाही. शुक्रवारी फोनचे दर कमी, म्हणून जेवणानंतर मी बदलापूरला आईला फोन लावला. माझं बोलून झाल्यावर पावेलने हात पुढे केला. एवढंच म्हणाला, "प्लीज."

आईला इंग्रजी येत नाही, आणि स्लोव्हाक तर आम्हा कुणालाच नाही. पावेल रिसीव्हर दोन्ही हातांत धरून आपल्या भाषेत बोलत राहिला. आधी पडलेल्या आवाजात, मग एक हात सोडून हातवारे करत. मध्ये थांबून त्याने काही ऐकलं, "हो" म्हणाला, आणि पुन्हा सुरू झाला. सुनंदा ताटं उचलायची विसरून दारात उभी होती. चांगली दहा मिनिटं गेली. मग त्याने फोन माझ्याकडे दिला आणि रुमालाने डोळे पुसले.

"आई, काय कळलं तुला?" मी विचारलं.

"हरलाय रे बिचारा," आई म्हणाली. "मी आपलं विचारलं, जेवलास का. दोघंही हो म्हणाले."