चौघांचे आठ हात

दादाला अखेर वेळ मिळाला तो मंगळवारी सव्वाअकराला, दाढ काढून परत येताना. तोंडात कापूस, गालावर हात आणि डोळ्यांत सगळ्या जगाबद्दलचा राग, अशा थाटात तो जिना चढून वरच्या खोलीत आला, खुर्चीत बसला आणि हातानेच 'काढ' म्हणून खूण केली.

धाकट्या भावाने, म्हणजे आपल्या चित्रकाराने, काढलं. गालावरच्या हातासकट काढलं. समोर दिसतं तेच काढायचं, मनाची एक रेघ घालायची नाही, ही त्याची तीस वर्षांची शिस्त. त्याची बायको याला शिस्त म्हणत नाही. "कल्पनाशक्ती नाही हो तुम्हाला, दुसरं काय!" असं म्हणते आणि कामाला लागते.

ही वरची खोली दादाच्या घरातली. उत्तरेला भलीमोठी खिडकी, दिवसभर एकसारखा उजेड. दादाने ती भावाला वीस वर्षं वापरू दिली होती आणि वीस वर्षांत एकदाच काहीतरी मागितलं होतं. "आम्हा चौघांचं एक मोठं चित्र काढ. दिवाणखान्यात लावू." नाही म्हणायची सोय नव्हती. चित्रकाराचं स्वतःचं घर इतकं लहान, की कॅनव्हास उभा केला तर घरातल्या एकाला बाहेर उभं राहावं लागलं असतं.

पण बसायला कुणी येईल तर शपथ! वहिनी दोनदा आली, दोन्ही वेळा नजर दाराकडे, कारण प्लंबर 'दहाला येतो' म्हणाला होता आणि प्लंबरचे दहा कधी वाजतील याचा नेम नव्हता. आईने चष्मा काढून हातात धरला आणि पाचव्या मिनिटाला तिला डुलकी लागली. मामा आले, पण मिटलेली छत्री काही हातातून सोडेनात. "तीन हरवल्यात आजवर," ते म्हणाले. "ही चौथी. काय काढायचंय ते हिच्यासकट काढ."

चेहरे रंगवून झाले. धडं आणि हात नुसत्या रेघांतच राहिले. पुन्हा या म्हटलं तर दादा फोनवर म्हणाला, "चेहरा दिला ना तुला? खालचं तुझं तू बघ." इथे सगळं घोडं अडलं. न बघता काढायचं कसं, हे आपल्या माणसाला माहीतच नव्हतं. तो तीन दिवस खिडकीशी नुसता बसून राहिला.

"द्या तो भाऊजींचा कोट इकडे," शेवटी बायको म्हणाली. "मी बसते."

ती बसली. दवाखान्याच्या काउंटरवरची ड्यूटी संपवून रोज दुपारी यायची आणि कधी दादाचा कोट घालून गालावर हात ठेवायची, कधी वहिनीची शाल, कधी आईचा स्वेटर. मामांची छत्री मिळणं शक्यच नव्हतं, तेव्हा घरची धरून बसली. असे अडीच महिने. "मान अवघडली तर सांग हं," तो म्हणायचा. ती सांगायची, पण तोवर तो बाहीच्या चुणीत गुंतलेला असायचा.

चित्र पुरं झालं. दादाने पाहिलं, बरं आहे म्हणाला. मामा आपल्या हाताकडे बघून खूश झाले. "माझा हात इतका देखणा आहे होय? कधी लक्ष नाही गेलं." इथेच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण एका चित्रदालनाच्या बाई खोलीत आल्या, त्यांनी चित्र पाहिलं, आणि दिवाणखान्यात जाण्याआधी पंधरा दिवस ते आपल्या प्रदर्शनात हवं म्हणाल्या. दादाची छाती फुगली. त्याने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना आमंत्रणं धाडली.

प्रदर्शनाची एक पुस्तिका होती. ती एका समीक्षकांनी लिहिली होती आणि उद्घाटनाला दारातच सगळ्यांच्या हातात पडत होती. चित्रकाराने ती वाचली नव्हती. दमला होता बिचारा, चित्र भिंतीवर चढवण्यातच त्याची कंबर धरली होती. दादाने मात्र चष्मा लावून, ठसक्यात, चारचौघांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचायला घेतली.

"'कुटुंबप्रमुखाचा गालावरचा हात हे उघड रूपक आहे. आयुष्यभर जे बोलायला हवं होतं ते न बोललेला हा माणूस...'" दादाचा आवाज तिथे बसला.

पुढचं वहिनीने पुस्तिका ओढून घेऊन वाचलं. दाराकडे पाहणारी बाई मनाने केव्हाच हे घर सोडून गेली होती. डोळे मिटलेल्या वृद्धेने घरातल्या अन्यायाकडे जाणूनबुजून काणाडोळा केला होता. आणि मिटलेली छत्री म्हणजे वेळेला कधीच न उघडलेला आधार.

"मी घर सोडून गेलेय?" वहिनी म्हणाली. "भाऊजी, पस्तीस वर्षं तुम्हा सगळ्यांचं केलं मी!"

"मी कुठल्या अन्यायाकडे काणाडोळा केला रे?" आईने विचारलं. तिचे डोळे आता टक्क उघडे होते.

मामांनी हातातली छत्री तिथेच भर दालनात उघडली आणि भाच्याकडे बघत उभे राहिले.

"अहो, यात काही अर्थबिर्थ नाही!" चित्रकार काकुळतीला आला. "दादाची दाढ काढली होती, वहिनी प्लंबरची वाट बघत होत्या, आईला झोप लागली. दिसलं ते काढलं मी. शप्पथ!"

हे तर आणखीच झोंबलं. रूपक तरी काहीतरी मोठं वाटत होतं.

"म्हणजे सगळं घर समोर बसवून तुला माझी दाढच दिसली?" दादा म्हणाला. त्याने हात पुढे केला. "खोलीची किल्ली दे."

वीस वर्षांचा उजेड चित्रकाराच्या खिशात होता. त्याने खिशात हात घातला खरा, पण किल्ली बाहेर काढवेना.

नेमके तेव्हाच समीक्षक तिथे आले. सडपातळ अंगाचे, पाय दुखत असल्यासारखे उभे राहणारे गृहस्थ. त्यांना वाटलं, कुटुंब भारावून गेलंय.

"खरी गोष्ट मी पुस्तिकेत लिहिलीच नाही," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, लोकांनी आपली आपण शोधावी. हात बघा. चार माणसं, आठ हात, आणि आठही एकाच बाईचे! चौघांच्याही उजव्या अंगठ्याशी भाजल्याचा तोच डाग. सगळं घर जिच्या हातांवर चाललंय ती चित्रात नाहीच. या प्रदर्शनात एवढी थोर कल्पना दुसरी नाही."

सगळ्यांनी हात पाहिले. डाग होता, चारही ठिकाणी होता. मग सगळे वळले. चित्रकाराची बायको मागे भिंतीशी उभी होती. एका हातात वहिनीची पर्स, दुसऱ्यात आईची पिशवी, खांद्यावर दादाचा कोट. उजव्या अंगठ्याशी डाग.

वहिनी पुढे झाली आणि तिने गुपचूप आपली पर्स घेतली. मामांनी छत्री मिटली.

"हे तू मुद्दाम काढलंस?" दादाने विचारलं. त्याचा हात अजून किल्लीसाठी पुढेच होता.

बायकोही बघत होती. खरं काय ते तिला माहीत होतं आणि त्यालाही. एक 'हो' म्हटलं की खोली वाचत होती. तो फार दमला होता. खोटं रचायला जी कल्पनाशक्ती लागते, ती त्याच्यापाशी कधी नव्हतीच.

"नाही," तो म्हणाला. "अडीच महिने समोर बसली होती. हात दिसले, डागसुद्धा दिसला. ही दिसली नाही."

त्याने किल्ली काढून दादाच्या हातावर ठेवली. दादाने ती थोडा वेळ उलटसुलट करून पाहिली, मग भिंतीपाशी जाऊन भावजयीच्या हातातली आईची पिशवी घेतली आणि त्या हातात किल्ली दिली. "आता ही तुझ्याकडे," तो म्हणाला. "याला येऊ द्यायचं की नाही, ते तू ठरव."

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्रकार जिना चढून गेला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या दारावर टकटक केली. बायको खिडकीशी खुर्चीत बसली होती. पाय स्टुलावर, मान मागे टेकलेली, हात मांडीवर रिकामे. उत्तरेचा उजेड तिच्या तोंडावर आला होता. तो बघतच राहिला. मग घाईघाईने पेन्सिल शोधू लागला.

"अशीच बस हं. हलू नकोस, काढतो तुला."

"नको," ती डोळे न उघडता म्हणाली. "आज मी कुणाच्या जागी बसलेली नाही."

त्याने पेन्सिल ठेवली. खाली जाऊन चहा करून आणला, तिच्या शेजारी ठेवला, आणि काही न काढता दारापाशी बसून राहिला.